थेंबाचं कडं

जरा डोळे मिटा. सकाळची वेळ आहे, शाळेचं मैदान आहे आणि पाचशे मुलं वाटेल तिथे उभी आहेत. कुणी चिमटे काढतंय, कुणी दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते विचारतंय. एवढ्यात पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजते आणि बघता बघता रांगा लागतात. सर म्हणतात, "एक हात अंतर घ्या." प्रत्येक जण हात पुढे करून पुढच्याच्या खांद्यापासून अंतर मोजतो. कुणी कुणाचं बखोट धरून उभं केलेलं नाही, तरी रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ.

डोळे उघडू नका अजून. आता त्या मुलांना लहान करत न्या. मुंगीएवढी करा. मग मुंगीच्या डोळ्याएवढी. अजून लहान. इतकी लहान, की तुमच्या डोक्यावरचा एक केस आडवा ठेवला तर त्याच्या जाडीत पाचशेच्या पाचशे शेजारी शेजारी मावतील. आता ही मुलं राहिली नाहीत, काळ्या लोहभस्मासारख्या पदार्थाचे गोल कण झाले. पाण्यात सोडले की पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. भांड्याखाली चुंबक धरलं, की समजा शिट्टी वाजली. कण आपले आपण रांगा धरतात. प्रत्येक कणाच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. तोच त्यांचा पुढे केलेला हात. आणि त्या दोन कणांमधल्या अंतरावरून उजेड परत फिरतो तेव्हा त्यातला एकच रंग आपल्या डोळ्यांत येतो, मोराच्या पिसातून येतो तसा. चुंबक लांब असेल तर अंतर जास्त आणि रंग तांबडा. जवळ आणलं तर दाटी आणि रंग हिरवा. अगदी चिकटवलं तर निळा. पाण्यात रंगाचा थेंबही घातलेला नसतो.

पण त्या पाण्यात मीठ पडलं तर? मीठ त्या कणांचे हात बांधून टाकतं. मग शिट्टी वाजली तरी अंतर कोण ठेवणार? सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळतात. उरतो तो गाळ.

एवढं लक्षात ठेवा आणि डोळे उघडा. कारण विजयश्रीच्या फ्रॉकच्या खिशात मिठाचीच पुडी होती, आणि आज खंडेनवमी होती.

विजयश्री बारा वर्षांची. आईवडील धाराशिवकडचे, पोटासाठी तळेगाव दाभाड्याला आलेले. स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या भाड्याच्या. वडील जयसिंग हे एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत फिटर होते आणि आई अंजली त्याच कंपनीच्या लॅबमध्ये मदतनीस. ही कंपनी गाड्यांच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर चिकटवायचे शिक्के बनवायच्या खटपटीत होती. बाजारात नकली माल फार, म्हणून ही युक्ती. शिक्क्यात मसुरीच्या दाण्याएवढा फुगा, फुग्यात ते तपकिरी पाणी. दुकानदारानं चुंबक धरलं आणि फुगा हिरवा झाला तर माल असली.

पण दीड वर्ष फुगा हिरवा होईना. लॅबचे प्रमुख निरंजनसर मोठमोठी चुंबकं मागवत, कण बनवायच्या भट्टीचं तापमान बदलत, मालकांना, म्हणजे अर्जुनरावांना, नवनवी कारणं सांगत. कण धुण्याचं काम मात्र अंजलीचं. भांड्याखाली चुंबक ठेवायचं, कण तळाशी ओढले गेले की वरचं पाणी ओतून द्यायचं, शुद्ध पाणी घालायचं, पुन्हा चुंबक. निरंजनसर सांगत, तीन पाण्यांनी धुवा, पुरे.

अंजलीला एक दिवस काचेवर वाळलेला एक थेंब दिसला. ओतून दिलेल्या पाण्याचाच थेंब होता, पण तो वाळून त्याच्या काठाला पांढरं कडं धरलं होतं. बादलीत टँकरचं पाणी वाळलं की धरतं तसं. पाणी दिसायला नितळ होतं, तरी त्यात क्षार होता. तिनं तीन पाण्यांचा हिशेब सोडून दिला. दर पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवायचा. कडं आलं की अजून धुवायचं. कडं येणं थांबेपर्यंत धुवायचं. कधी आठ पाणी लागत, कधी अकरा. त्या आठवड्यात बाटलीखाली चुंबक धरलं तर पाणी पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार झालं. अंजलीच स्टुलावरून पडता पडता वाचली.

गेल्या खंडेनवमीला विजयश्रीनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवशी मशिनं बंद असतात, त्यांना हळदकुंकू लागतं, हार चढतात आणि कामगारांच्या घरची माणसं कंपनी बघायला येतात. आईनं तिला आपल्या स्टुलावर बसवलं होतं. त्या स्टुलाचा एक पाय सुतळीनं आवळलेला होता, म्हणून कुणी दुसरं त्यावर बसत नसे. आईनं तिचा हात धरून पाणी ओतायला शिकवलं, थेंब कसा टाकायचा, काच दिव्यावर किती उंच धरायची तेही दाखवलं. वर सांगितलं, "पाणी जितकं शुद्ध होत जाईल, तितके कण हट्टी होतात बघ. खाली बसायला वेळ लावतात. घाई करायची नाही." पूजेच्या वेळी आईनं भांड्यावर काचेचं झाकण ठेवलं होतं. विजयश्रीनं कारण विचारलं तर म्हणाली, नारळाच्या पाण्यातही मीठच असतं की, नुसतं गोड लागतं म्हणून फसू नकोस.

ती एक खंडेनवमी. त्यानंतर जे घडलं ते विजयश्रीनं फाटकाबाहेर वडिलांच्या गाडीवर बसून बघितलं.

अंजलीची एक वही होती. शाळेची, शंभर पानी. त्यात ती रोजचं काम लिहायची. एका संध्याकाळी फाटकावर तिची पिशवी उघडायला लावली गेली. डबा बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, छत्री बाहेर, मग वही. निरंजनसर शेजारीच उभे होते. त्यांनी वही उचलली आणि अर्जुनरावांना दाखवली. कंपनीची गुपितं बाहेर चालली होती, मी म्हणत नव्हतो का, असं त्यांचं म्हणणं. अंजली सांगत होती की वही घरी नेऊन आपण रात्री नीट अक्षरात उतरवून काढतो, पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही. रखवालदारानं डबा बाहेर काढतानाच झाकण निसटलं होतं, भाजीचा रस पिशवीभर झाला होता, वहीच्या पुठ्ठ्यालाही लागला होता. आईनं फाटकापाशी वाकून रुमालानं ती पिशवी पुसली. विजयश्रीला बाकी सगळं विसरता आलं असतं. ते पुसणं विसरता आलं नाही.

दोन आठवड्यांनी फाटकावर फलक लागला. हिरव्या शिक्क्याच्या शोधाबद्दल निरंजनसरांचं अभिनंदन. फोटोत त्यांच्या हातात तीच वही.

जयसिंग बोलले नाहीत. दोघांची नोकरी एकदम गेली तर खोली सोडावी लागणार होती. अंजली चाकणला खोकी भरायच्या कामाला लागली. सकाळी सहाची कंपनीची बस, दिवसभर उभं राहून काम, संध्याकाळी ट्रकांच्या रांगेत अडकत घरी. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त एकदा पोळ्या लाटताना तिला हसू आलं. विजयश्रीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "वही नेली खरी त्यांनी. पण धुण्याच्या पानावर मी काय लिहिलंय माहितीये? 'नेहमीप्रमाणे धुणे.' एवढंच. थेंबाचं कडं मी कधी लिहिलंच नाही गं. रोज करत होते, त्यात लिहायचं काय."

आमटीच्या कृतीत आपण 'चवीपुरतं' लिहितो ना, त्यातलाच प्रकार.

आई हसली आणि विसरली. लेकीनं मात्र ते जपून ठेवलं. त्याच संध्याकाळी तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात दोन चमचे मीठ बांधलं आणि पुडी कंपासपेटीत ठेवली. गणपती आले, गेले. सहामाही परीक्षा जवळ आली. भूमितीच्या तासाला कंपास उघडला की कर्कटकाशेजारी पुडी दिसायची आणि तिला फाटक दिसायचं. मैत्रिणीनं एकदा विचारलं, हे काय? विजयश्रीनं सांगितलं, औषध आहे. कुणाचं? एका सरांचं.

खंडेनवमीला चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाच्या मॅडम शिक्का बघायला येणार आहेत, असं जयसिंगांनी घरी सांगितलं. निरंजनसर त्यांच्यासमोर मोठ्या भांड्यात हिरवा रंग करून दाखवणार, त्यासाठी चुंबकाचा स्टँड जयसिंगांनीच बनवला होता. अंजली म्हणाली, मी काही येत नाही, तुम्ही जा. विजयश्रीनं नवा फ्रॉक घातला. पुडी खिशात घातली. तिचा बेत साधा होता. गर्दीत भांड्याजवळ जायचं, पुडी सोडायची आणि मग बाजूला उभं राहून निरंजनसरांचं तोंड बघायचं.

कंपनीत झेंडूच्या माळा लागल्या होत्या. प्रेसच्या लोखंडी अंगावर हळदीची बोटं उमटली होती. दारातच सरूबाई भेटली. ती कंपनीत झाडलोट करायची आणि चहा द्यायची, मावळातल्या जुन्या घरची, जिभेला हाड नसलेली. तिनं विजयश्रीच्या गालावरून हात फिरवला.

"आय न्हाई आली व्हय तुझी? बरं केलं. हितं येऊन काय बघायचं. तुझ्या आयनं धुतलेली येकच बाटली ऱ्हायलीय बघ. नवीन केल्याल्या समद्या चिखल. म्या सोता मोरीत वतल्यात."

विजयश्रीनं विचारलं, मालकांना माहीत आहे का. सरूबाई म्हणाली, मालकाला सरूबाई सांगणार व्हय, आन् मग सरूबाईला काम कोण देणार.

लॅबमध्ये मधल्या टेबलावर जयसिंगांचा स्टँड होता. त्यावर काचेचं पसरट भांडं आणि भांड्यात तपकिरी पाणी. शेजारी रिकामी बाटली. तिच्या चिठ्ठीवरचं अक्षर विजयश्रीनं लांबूनच ओळखलं. ल ची गाठ मोठी, तारखेखाली दोन रेघा. भांड्यावर झाकण नव्हतं. ते मॅडमना नीट दिसावं म्हणून निरंजनसरांनी काढून ठेवलं होतं.

टेबलाभोवती माणसं दाटली. विजयश्री वडिलांचा हात सोडून पुढे सरकली, टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत पोचली. खिशातली पुडी तिच्या मुठीत आली होती. आता फक्त सगळ्यांनी दुसरीकडे बघायला हवं होतं. अर्जुनरावांनी समई लावली, मशिनांना ओवाळलं आणि नारळ निरंजनसरांच्या हातात दिला. यंदाचा मान तुमचा, म्हणाले. निरंजनसरांनी नारळ दगडावर आपटला. तो नीट फुटला, पाणी करवंटीत राहिलं. त्यांनी ते पाणी आंब्याच्या पानानं आधी प्रेसवर शिंपडलं, मग भट्टीवर, मग चुंबकाच्या स्टँडवर. आणि टाळ्या पडायला लागल्या तसे ते फुलले. पान बाजूला ठेवून त्यांनी करवंटी कलती केली आणि उरलेल्या पाण्याची धार भांड्यातच सोडली. वर एक फूल ठेवलं.

विजयश्रीची मूठ खिशातच राहिली. तिला काहीच करावं लागलं नव्हतं. तिच्या पोटात एकदम गार गार वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

निरंजनसरांनी फूल काढलं, मॅडमना जवळ बोलावलं आणि स्टँडची कळ फिरवून चुंबक वर आणलं. पाणी तपकिरीच. आणखी वर आणलं. पाण्यात चहाच्या चोथ्यासारखे कण गोळा व्हायला लागले आणि तळाशी बसले. मॅडमनी चष्मा सारखा केला. अर्जुनराव खाकरले. निरंजनसरांच्या कपाळावरचं कुंकू घामानं खाली ओघळलं आणि विजयश्री ते डोळे भरून बघत राहिली. सहा महिने कंपासपेटीत सांभाळलेला क्षण होता तो.

तेवढ्यात निरंजनसर वळले.

"जयसिंग, हा स्टँड कुणी बसवला? चुंबक तिरकं लागलंय. मॅडम, माफ करा. या घराण्यानं आधीही आमचं बरंच नुकसान केलंय."

कुणीतरी हसलं. जयसिंगांनी स्टँडकडे बघितलं, मग खाली. अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले की उद्या सकाळी ऑफिसात ये, बोलू आपण. उद्या दसरा होता. दसऱ्याच्या सुट्टीला ऑफिसात कशाला बोलावतात ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.

विजयश्रीच्या पोटातलं गार पाणी आटलं. गप्प राहिलं तर हा माणूस पुन्हा सुटणार. गेल्या वेळी आईची पिशवी होती, या वेळी वडिलांचा स्टँड. तिला समजलं, की नुसतं सरांचं तोंड पडलेलं बघून भागणारं नव्हतं. पडलेलं तोंड माणूस पुसून टाकतो.

ती पुढे झाली. "स्टँड बरोबर आहे. पाणी बिघडलंय."

निरंजनसर म्हणाले, पोरीला बाजूला घ्या. पण मॅडम वाकल्या आणि त्यांनी विचारलं, पाणी बिघडलंय हे तुला कसं कळलं? विजयश्रीनं सांगितलं, दाखवते. सरूबाईनं न सांगता फळीवरच्या दोन काचपट्ट्या आणि शुद्ध पाण्याचा कॅन पुढे आणून ठेवला. विजयश्रीनं पट्ट्या शुद्ध पाण्यानं धुतल्या. एकीवर कॅनमधला थेंब टाकला, दुसरीवर भांड्यातल्या वरच्या नितळ पाण्याचा. दोन्ही समईच्या ज्योतीपासून वीतभर उंच धरल्या. थेंब आक्रसत गेले. पहिली काच कोरी झाली. दुसरीवर मळकट पांढरं कडं उमटलं, चिकट, नखाएवढं.

"नारळाचं पाणी पडलं ना, त्यातला क्षार आहे हा," ती म्हणाली. "तो धुऊन काढला की कण परत रांगा धरतील."

"तुला येतं धुवायला?"

"येतं."

अर्जुनराव काही बोलणार होते, पण मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, तोवर आपण प्रसाद घेऊ. मग पेढे वाटले गेले, चहा झाला, बायका एकमेकींना मशिनं दाखवत फिरल्या. विजयश्रीनं कोपऱ्यातलं सुतळी बांधलेलं स्टूल ओढून घेतलं आणि ती मोरीपाशी बसली. चुंबक खाली, पाणी ओत, नवं पाणी, काचेच्या कांडीनं ढवळ, पुन्हा चुंबक. पहिल्या पाण्याला कडं. दुसऱ्याला कडं. चौथ्याला अर्धं कडं. जयसिंग तिच्यामागे येऊन उभे राहिले आणि कॅन उचलून देऊ लागले. सहाव्या पाण्याला कण हट्टी झाले, तळाशी बसेनात. शेजारी उभे राहून बघणारे निरंजनसर म्हणाले, आता पुरे, आण इकडे. तिनं मान हलवली आणि वाट बघितली. आठव्या पाण्याचा थेंब वाळला तेव्हा काच इतकी स्वच्छ होती, की थेंब कुठे टाकला होता तेही सापडेना.

भांडं स्टँडवर गेलं. कळ जयसिंगांनी फिरवली. चुंबक वर येत गेलं तसं पाण्याला आधी विटेसारखी तांबूस झाक आली, मग हळदीची, आणि मग एका दमात सगळं भांडं हिरवंगार झालं. शेतातल्या कोवळ्या पातीचा हिरवा. सगळ्या लॅबमधून एक मोठा श्वास ऐकू आला. मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं की हे तुला कुणी शिकवलं.

"आईनं. ही बाटली तिनंच धुतलेली होती. ती याच स्टुलावर बसायची."

अर्जुनरावांनी रिकाम्या बाटलीवरचं अक्षर बघितलं. त्यांचा चेहरा जरा बदलला, निदान विजयश्रीला तसं वाटलं. पण निरंजनसर त्यांच्या आधी पुढे आले. त्यांनी विजयश्रीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसानं शाबासकी देताना ठेवावा तसा.

"बघा मॅडम, आमची पद्धत इतकी सोपी आहे, की लहान मूलसुद्धा करू शकतं. हेच तर तिचं वैशिष्ट्य. मी सगळं वहीत लिहून ठेवलंय."

विजयश्रीनं मान वर केली. "सगळं?"

"सगळं, बाळ. पायरीन् पायरी. धुण्याचंसुद्धा."

मॅडमनी वही बघायला मागितली. निरंजनसर म्हणाले, दाखवतो की, आणि कपाटाकडे गेले. शंभर पानी शाळेची वही, मळलेल्या कोपऱ्यांची, टेबलावर आली. पुठ्ठ्यावर भाजीच्या रसाचा डाग होता. तो डाग कुठून आला ते तिथल्या दोघांना पक्कं आठवत होतं, आणि त्यातले एक जयसिंग होते. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मान खाली घातली नाही.

आता तुम्ही तिच्या जागी असता तर वही उघडेपर्यंत थांबला असता कदाचित. विजयश्री थांबली नाही.

तिनं डोक्यावरचा हात बाजूला केला. खिशातून पुडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि सावकाश उलगडली. कागदाला घड्या इतक्या जुन्या पडल्या होत्या, की तो सुटता सुटेना. मग तिनं तो कागद भांड्यावर धरला आणि टिचकी मारून सगळं मीठ हिरव्या पाण्यात सोडलं. कांडी घेऊन ढवळलं, भांड्याच्या काठाला कांडी लागू न देता, आई ढवळायची तसं. हिरवा फिका झाला, मळला, आणि गेला. तळाशी चोथा बसला.

"व्हय बया," सरूबाई पुटपुटली.

विजयश्रीनं कांडी धुऊन जागेवर ठेवली. कोरी काचपट्टी निरंजनसरांसमोर ठेवली. सुतळीच्या पायाचं स्टूल उचललं आणि त्यांच्या गुडघ्यांना लागेल इतकं जवळ आणून टेकवलं.

"मीठ आहे, सर. दोन चमचे," ती म्हणाली. "वहीतलं धुण्याचं पान मोठ्यानं वाचा, आणि त्यात लिहिलंय तसं धुऊन दाखवा."

आणि रिकाम्या पुडीच्या कागदाची चार पदरी घडी घालून तिनं तो पुन्हा खिशात ठेवला, मोरीच्या कट्ट्याला टेकली, हाताची घडी घातली आणि ती वाट बघत उभी राहिली.